हवा तेवढी

सायकलीला रंग नाही.
घासलेल्या पातेल्याच्या बुडासारखी करडी,
सांध्यांवर वेल्डिंगचे खवले, एकमेकांवर किंचित चढलेले,
मरळ माशाला शेपटीजवळ असतात तसे.
टायटॅनियम, मी म्हणते.
चोपड्यात हा शब्द दोघांनाच लागतो:
हाडांच्या डॉक्टरांना, आणि आता मला.

तेवीस वर्षं अकरावीच्या फळ्यावर स्प्रिंग काढते आहे,
एक टोक भिंतीला, दुसऱ्याला वजन,
आणि मुलं विचारतात, मॅडम, परीक्षेला आहे का?
फंडातून अडीच लाख काढले तेव्हा
नवरा म्हणाला, एवढ्यात बुलेट आली असती.
दिरांनी त्या आकड्याला केळीच्या भावाने भागलं
आणि उत्तर कुणाला न सांगता चहा संपवला.

जुनी अ‍ॅल्युमिनियमची.
लासूर ओलांडून डांबर संपलं
की एकेक खडा मनगटात येऊन
आपलं नाव सांगायचा, गावासकट.
रात्री वह्या तपासताना
लाल पेन बरोबरच्या खुणेतही थरथरायचं.

नवी घेऊन पहिल्याच रविवारी सत्रासेनला गेले
आणि परतले ती थेट गफूर पिंजारींच्या दुकानात.
म्हटलं, फरक आहे, पण हवा तेवढा नाही.

त्यांनी आधी नळीवर नखाने टिचकी मारली,
कान लावला.
पुन्हा मारली, मागे, जिथे नळी चपटी होत जाते.
वडील त्यांचे गाद्या पिंजायचे;
तातीचा सूर जरा बसला
की न बघता सांगायचे, आत सरकी राहिलीय.
"लोखंड बोलस," गफूरभाई म्हणाले, "हाई गुणगुणस."
मग खाली बसून टायरवर अंगठा रोवला.
अंगठा आत गेला नाही.
"हवाच जास्ती शे, मॅडम."

फुस्स.
अडीच लाखांच्या धातूचं श्रेय
दहा रुपयांच्या हवेबरोबर निघून चाललेलं
मी बघत राहिले.

पण शिकवते तेच, टाळता येईना.
दोन्ही सायकली काढल्या. टायर तेच, या चाकांवरून त्या चाकांवर,
हवा तेवढीच, पस्तीस,
रस्ता अनेरच्या पाटाकाठचा, मुरमाचा,
फेब्रुवारी, सकाळचे सात,
गव्हाला नुकतंच पाणी सुटलेलं.
गफूरभाई बरोबर होते.
बहुतेक सगळं सुख हवेचंच.
जुनीसुद्धा निम्मी गप्प झाली.

बहुतेक.
उरलं ते कशाने मोजू?
मोरीच्या अलीकडे केळीच्या ट्रॅक्टरांनी
रस्त्याला लाटा पाडल्यात.
जुनी ती प्रत्येक लाट मोठ्याने वाचून दाखवते, पाढ्यासारखी.
नवी मनात वाचते,
आणि मतितार्थ तेवढा सांगते.
खडा कळतो. केवढा, कुठल्या चाकाखाली, तेही कळतं.
फक्त मनगटापर्यंत येता येता
तो दमतो,
वाटेत नळीत कुठेतरी बसून घेतो.

मऊ नाही हं. मऊ म्हणतात ते विकणारे.
सत्रासेनच्या चढावर उभं राहून पेडल रेटलं
तर तीही उभी राहते.
वाकत असेलच, प्रत्येक पदार्थ वाकतो,
पण वाकल्याचं बोलून दाखवत नाही.

परतीला चाळीस किलोमीटर झाले होते
आणि मला भूक लागली होती, नुसती भूक.
खांद्यांची आठवण
कळण्याची भाकरी मोडताना आली,
की ते दुखत नाहीयेत.

गफूरभाईंना निकाल सांगितला:
नव्वद टक्के हवा, दहा टक्के धातू.
ते ट्यूब परातीत बुडवून बुडबुडा शोधत होते.
"दहा टक्क्यासाठे अडीच लाख?"

मी काही बोलले नाही.
त्यांनी हात लुंगीला पुसले,
उठून नळीवर एक टिचकी मारली
आणि तो आवाज संपायची वाट बघत उभे राहिले.
परातीत बुडबुडे सुटतच होते.